लाइन आल्यावर कुठे जागं व्हायचं

२० नोव्हेंबर २०१८, मंगळवार. अमरावती

नव्या खोलीतली पहिली सकाळ. डोळे उघडायच्या आधीच हात बटणाकडे गेला आणि भिंतीवर आपटला. उशीच्या उजवीकडचं बटण जुन्या खोलीत राहिलं; इथलं दाराच्या मागे आहे. तशीच पडून राहिले. आपण कुठे आहोत हे आठवायच्या आधीचे ते चार क्षण मला फार आवडतात. त्या वेळी मी अकोल्याला अम्मीजवळ असू शकते, साईनगरच्या खोलीत असू शकते, किंवा कुठेच नसू शकते.

साईनगरची खोली सोडली कारण मालकांना छत दुरुस्त करायचं होतं. छत बरं होतं, पण घर त्यांचं. त्याआधीची सोडली कारण मालकांचा पुतण्या गावाहून येणार होता. संध्याला हे सांगितलं की ती विनाकारण कीबोर्ड बडवायला लागते. मला तर वाटतं माझं नशीब चांगलं आहे, दर थोड्या महिन्यांनी नवी खिडकी आणि नवा उजेड.

आज वही नवी, म्हणून नीट लिहून ठेवते. मी निखत, अकोल्याच्या बैदपुऱ्यातली. घरी उर्दू, शाळा मराठी, त्यामुळे स्वप्नं मराठीत पडतात आणि भांडण उर्दूत सुचतं. राजापेठेतल्या एका गाळ्यात आम्ही तिघं काम करतो: सुगत, त्याची बहीण संध्या आणि मी. विहिरीवरची मोटार मोबाइलवरून चालूबंद करणारं यंत्र आम्ही बनवतो. शेतकरी त्याला डब्बा म्हणतात. सुगत पेटी आणि तारा बघतो, संध्या लोकांशी बोलते, आणि डब्ब्याच्या आत जो छोटा संगणक आहे त्याचं डोकं माझ्याकडे. पहिला डब्बा तिवशाजवळच्या त्यांच्याच विहिरीवर बसला. त्यांचे वडील जानरावकाका सरकारी नोकरीतून निवृत्त झाले आणि तिथे संत्र्याची बाग करतात.

२८ नोव्हेंबर, बुधवार

आजचं आजच लिहून ठेवते.

जानरावकाकांच्या विहिरीवरची मोटार आपोआप सुरू झाली. यंदा पाऊस कमी, विहिरीचं पाणी खाली खाली जातंय, म्हणून काका दर काही दिवसांनी आत उतरतात आणि पाण्यातली मोटार दोराने आणखी खाली सोडतात. कंबरभर पाण्यात उभं राहून. आज ते वर आले, काठावर पाय ठेवला, आणि खाली मोटार घरघरली. केबलचा एक जोड पाण्यात बुडालेला होता आणि त्यावरची पट्टी सुटलेली होती. थोडं आधी झालं असतं तर काका त्याच पाण्यात होते.

सुगतने फोन स्पीकरवर ठेवला होता. काका हसत सांगत होते. म्हणाले, "मी म्हटलं, बाप्पा, हे कोनं सुरू केली? घरात तुयी माय, ते तर कणीक मळून राहिली होती."

सुगत हसला नाही. मोबाइलवरून डब्बा बंद केला तरी आत उतरण्याआधी खांबावरच्या पेटीतले कटआउट काढायचे, हे इथल्या लहान पोरालाही ठाऊक असतं. फ्यूजचे ते चिनी मातीचे तुकडे हातात असले की लाइन येऊच शकत नाही. सुगतने विचारलं, कटआउट का नाही काढले. काकांनी सरळ सांगितलं की ते कधीच काढत नाहीत.

"लोकाइले तू डब्बा देतं, सांगतं का भरोसा ठेवा. अन् तुया बापच कटआउट काढून उतरते म्हटल्यावर लोकं काय म्हणतीन?"

यापुढे तरी काढा, असं सुगतने तीनदा म्हटलं. काकांनी तीनदा विषय बदलला.

३० नोव्हेंबर, शुक्रवार

डब्बा उघडून सगळ्या नोंदी पाहिल्या. कुणी माणूस नव्हता. इंटरनेटवर आपोआप दारं ठोठावत फिरणारे प्रोग्रॅम असतात. त्यातला एक आमच्या मोडेमच्या भोकातून आत शिरला. मोडेमचं सॉफ्टवेअर बाहेरून येतं, ते भोक आम्हाला बुजवता येत नाही, आणि ज्यांचं आहे ते पत्राला उत्तर देत नाहीत. त्या प्रोग्रॅमला मोटारीशी काही घेणंदेणं नाही. त्याला फक्त डब्ब्याचं डोकं वापरायला हवं. शिरताना धक्काबुक्की होते आणि त्यात मोटार सुरू करणाऱ्या स्टार्टरलाही धक्का लागतो, एवढंच. त्याला विहीर ठाऊक नाही आणि काकाही ठाऊक नाहीत. हे वाचून मला जास्तच भीती वाटली.

उपाय मी सुचवला. ऑपरेटिंग सिस्टीमचा गाभा, म्हणजे कर्नेल, डब्बा सुरू होताना मेमरीत एका ठरलेल्या जागी जाऊन बसतो. आमच्या सगळ्या डब्ब्यांत तीच जागा. चोराला ती पाठ आहे. तो डोळे मिटून तिथे हात घालतो. मी असं करणार की दरवेळी जाग येताना गाभा वेगळ्या जागी बसेल, कुठे ते कुणालाच आधी माहीत नसेल. चोराचा हात भिंतीवर आपटेल, माझा नव्या खोलीत आपटला तसा. आणि चुकीच्या जागी हात पडला की डब्बा स्वतःच कोसळतो, स्टार्टरची पकड सुटते, मोटार बंद राहते. भोक तसंच राहील, पण त्यातून आत आलेल्याला काही सापडणार नाही.

सुगतचं म्हणणं होतं की तोवर सगळे डब्बे काढून आणावेत. संध्या म्हणाली, काढ, पण मग संक्रांतीच्या सुमारास बागांचा ताण तुटेल तेव्हा लोकांनी काय करायचं. संत्र्याच्या झाडांना डिसेंबरभर पाणी तोडतात, त्याला ताण देणं म्हणतात. मग एका दिवशी पाणी सोडलं की झाडं फुलतात. यंदा पाणीच थोडं, लाइनही एक आठवडा दिवसाची आणि एक रात्रीची. डब्ब्याशिवाय लोकांना अंधारात, साप-किरडांत बसून राहावं लागेल. शेवटी ठरलं की डब्बे राहतील, आणि संध्या प्रत्येकाला फोन करून कटआउट काढायला सांगेल.

बाकी सगळ्यांनी ऐकलं. एकट्या काकांनी नाही.

२ डिसेंबर, रविवार. अकोला

पहाटे स्वप्न पडलं. बैदपुऱ्यातली आमची गल्ली, पण घरं रोज जागा बदलतात. सकाळी दार उघडावं तर समोर मशिदीऐवजी चिंचेचं झाड. दूधवाला बरणी घेऊन हिंडतोय, त्याला कुणाचंच दार सापडत नाही, पण तो चिडलेला नाही. लोक खिडकीतून एकमेकांना विचारतात, आज तुम्ही कुठे. मी माझं घर शोधत होते आणि मला अजिबात घाई नव्हती.

अब्बूंना सांगितलं. अब्बूंचं, म्हणजे ताहेरमियांचं, मोटार वाइंडिंगचं दुकान आहे. जळालेल्या मोटारीत नवी तार भरून देतात. ते तार गुंडाळता गुंडाळता ऐकत होते. म्हणाले, दूधवाल्याचं ठीक आहे, पण त्या गल्लीतल्या म्हाताऱ्या माणसाने काय करायचं, त्याला रोज नवीन दार कसं सापडेल. मी म्हटलं, अब्बू, स्वप्न आहे. ते म्हणाले की पुढच्या रविवारी तुझी नवी खोली बघायला येतो, निदान मला दार पाहून ठेवू दे.

६ डिसेंबर, गुरुवार

सुगत आणि संध्या दादरला गेलेत. गाळ्यात मी एकटी. बाहेर मिरवणुकीतली निळी फडकी, पांढरे कपडे, शांत चालणारी माणसं.

आणि आज ते जमलं. डब्बा पहिल्यांदा सुरू केला, गाभा एका जागी. बंद करून पुन्हा सुरू केला, दुसऱ्या जागी. पुन्हा, तिसऱ्याच. दिवसभर मी तेच करत बसले, लहान मूल दिव्याचं बटण दाबत बसतं तसं. या नव्या जागेची निवड एका बीजावरून होते; बीज म्हणजे एक आकडा, तो कुणालाही सांगता येऊ नये असा हवा. मी तो घड्याळातून घेतला. बटण दाबायची नेमकी वेळ, सेकंदाच्या बारीकशा तुकड्यापर्यंत. असा तुकडा कुणाला ओळखता येणार?

खिडकीत उभी राहून चहा प्यायले. खूप दिवसांनी भीती नव्हती.

११ डिसेंबर, मंगळवार

अब्बू रविवारी आले होते. शेरवानी घालून, दाढीला मेंदी लावून, मालकांसाठी बर्फीचा डबा घेऊन. मालकीणबाईंनी चहा दिला. अब्बूंनी त्यांच्या पाण्याच्या मोटारीचा आवाज ऐकून बेअरिंग गेल्याचं सांगितलं आणि तिथेच बसून ती नीट केली. फार छान दिवस गेला.

आज मालकीणबाई म्हणाल्या की त्यांची भाची परीक्षेसाठी येणार आहे, महिनाअखेर खोली लागेल. मी म्हटलं, हरकत नाही. बर्फीचा डबा त्यांनी परत दिला, बाहेरून घासूनपुसून. बर्फी आतच होती. बहुतेक घरात गोड कुणी खात नसावं.

संध्याला सांगितलं तर ती ताडकन उठली. म्हणाली, "आमच्या घरी वरची खोली रिकामी आहे. मी तुला कधीपासून म्हणतेय." मी म्हटलं, अगं, ओळखीच्या माणसांवर कशाला भार, मला नव्या खोल्या आवडतात. तिला काय झालं होतं कळलं नाही.

२३ डिसेंबर, रविवार

खोली बदलली. वलगाव रोडच्या बाजूला. बटण पायाशी आहे.

या दहा-बारा दिवसांत सगळ्या डब्ब्यांत नवं सॉफ्टवेअर घातलं. शेवटचे दोन रिद्धपूरच्या बाजूला होते. तिथे विहिरीजवळच्या पारावर एक म्हातारी संन्यासिनी बसली होती, महानुभावांच्या मठातली. मी काय करतेय ते तिने विचारलं. सांगितलं की या यंत्राला एका जागी राहू देत नाही, म्हणजे चोराला सापडत नाही. तिला ते चटकन पटलं. म्हणाली की त्यांच्या पंथातही एका गावी ठाण मांडून बसायचं नाही, हिंडत राहायचं, अशी जुनी रीत आहे. मी म्हटलं, मीही तशीच, वर्षात तिसरी खोली.

ती म्हणाली, "आपल्या मनानं हिंडतं का माय, का कोनी हिंडवते?"

मी हसले. परतीच्या एसटीत झोप लागली आणि सगळा रस्ता पांढऱ्या फुलांचा दिसला. अजून फुलं यायची आहेत.

१० जानेवारी २०१९, गुरुवार

काकांकडे गेलो होतो. ताणावरची बाग कधी पाहिली नव्हती. पानं मलूल, कडेने वळलेली, जमीन भेगाळलेली. काका एकेका झाडाची फांदी बोटांनी दाबून बघतात. मला वाटलं झाडं मरतायत. संध्याची आई, ललिताकाकू, म्हणाल्या, मरत नाहीत, वाट पाहतात.

काका पुन्हा विहिरीत उतरले. कटआउट पेटीतच, सुगतलाही काढू दिले नाहीत. सुगत काठावर उभा राहून खांबाकडे बघत होता, काका खाली गेल्यावर त्याने मला हळूच सांगितलं की बाबांशी तो आठवडाभर बोललेला नाही. मी म्हटलं, आता भिऊ नकोस, डब्ब्याची जागा आता कुणाला सापडत नाही. त्याने माझ्यावर विश्वास ठेवला. मीही ठेवला.

१७ जानेवारी, गुरुवार

लिहायची इच्छा नाही.

काल दुपारी तिवशाच्या शिवारात लाइन आली आणि थोड्याच वेळात तीन विहिरींवरच्या मोटारी आपोआप सुरू झाल्या. त्यातली एक काकांची. काका उतरायला निघाले होते, अंगरखा काढून काठावर ठेवलेला होता. ललिताकाकूंनी हाक मारली की भाकर निवतेय, आधी जेवा. ते जेवत असताना खाली मोटार सुरू झाली.

भाकरीने वाचवलं, मी नाही. चोराचा हात भिंतीवर आपटला नाही. त्याने नेमका गाभ्याच्याच खांद्यावर हात ठेवला, तिन्ही डब्ब्यांत.

सुगत माझ्यावर रागावलाही नाही. रागावला असता तर बरं झालं असतं. मला लाज वाटते.

१९ जानेवारी, शनिवार. तिवशाजवळ, शेतात

वही सोबत आणली. पंपाच्या खोलीच्या सावलीत बसून लिहितेय.

तिन्ही डब्बे तपासले. तिन्हींचा गाभा एकाच जागी बसलेला आहे. जुन्या ठरलेल्या जागी नाही, नव्याच; पण तिन्हींत तीच नवी. गाळ्यात दरवेळी वेगळी येते आणि शेतात दरवेळी एकच. सकाळपासून हेच डोक्यात फिरतंय. चोराने कुठूनतरी एका डब्ब्यातली जागा शिकून घेतली असेल, की मग सगळ्यांची त्याला कळली.

दुपारी लाइन गेली. शिवार गप्प झालं. पक्षी, वारा, आणि काकूंच्या बांगड्या. मला डुलकी लागली असावी. बैदपुऱ्याच्या गल्लीत सगळी घरं जागा बदलून निघाली होती, पण सगळी एकाच दारापाशी येऊन उभी राहिली, एकावर एक, आणि कुणालाही त्यात वावगं वाटत नव्हतं.

मग लाइन आली. दूरपर्यंतच्या मोटारी एका दमात घरघरल्या. सगळ्या शिवाराने एकाच क्षणी डोळे उघडले. आणि मला कळलं.

गाळ्यात मी डब्बा माझ्या हाताने सुरू करायचे, दरवेळी वेगळ्या क्षणी, आणि टेबलावरच्या त्या डब्ब्याच्या घड्याळात सेल होता. शेतातल्या डब्ब्यांत सेल नाही. तो उन्हाने फुगतो म्हणून आम्ही तिघांनी मिळून तो काढून टाकला होता. टॉवरकडून वेळ मिळतेच की. पण टॉवरची वेळ नंतर येते. लाइन गेली की त्यांचं घड्याळ मरतं आणि लाइन आली की सगळी घड्याळं पुन्हा त्याच पहिल्या सेकंदापासून सुरू होतात. त्याच सेकंदाचं बीज, म्हणून तीच जागा. दर जाग येताना प्रत्येक डब्ब्याला वाटतं की जगाची ही पहिली सकाळ.

लाइन जाणं-येणं आमच्या अंगात इतकं मुरलंय की ती घटना आहे हेच कुणाच्या लक्षात आलं नाही. जिथे दिवा जात नाही तिथल्या माणसाने कदाचित आधी विचारलं असतं, गेला तर काय. आम्ही इथलेच, आम्ही नाही विचारलं.

काका जवळ येऊन बसले. म्हणाले, "सापडलं का पोरी?" मी म्हटलं, चूक सापडली, उपाय नाही. आणि हात जोडून म्हटलं, तोवर कटआउट काढा. काका म्हणाले, "तू काहून भेतं? सापडंन." आणि उठून झाडांकडे गेले. त्यांना वाटतं की माझ्यावर भरोसा ठेवणं म्हणजे मला मदत करणं. त्यांना कसं सांगू की तोच भरोसा मला झोपू देत नाही.

२० जानेवारी, रविवार. अकोला

दुकानात अब्बूंच्या समोर बसले होते. लहानपणी शाळेतून आले की इथेच बसायचे आणि टेस्टिंगच्या बल्बकडे बघत राहायचे. तो कधीच स्थिर जळत नाही. जरा पिवळा, जरा लाल, मध्येच पांढरा. मी त्यात चेहरे शोधायचे. आजही बघत बसले, किती वेळ कुणास ठाऊक. अब्बू रोजच्यासारखे व्होल्टेजला शिव्या घालत होते. म्हणाले, "इस लाइन का कोई भरोसा नहीं बेटा. अभी है तो अभी नहीं, अभी इतनी तो अभी उतनी."

मी विचारलं की दोन विहिरींवर, एकाच वेळी, अगदी सारखं व्होल्टेज मिळेल का. ते हसले. म्हणाले की एकाच खांबावरच्या दोन तारांवर मिळत नाही.

मला उठून नाचावंसं वाटलं. मोटार जळू नये म्हणून आमचा डब्बा तिन्ही फेजचं व्होल्टेज मोजतोच. त्या मोजमापाचे शेवटचे आकडे कायम नाचत असतात. आम्ही ते कचरा म्हणून टाकून देतो. तोच कचरा मला हवा आहे. जाग येताच थोडा वेळ लाइनची ती थरथर मोजायची आणि तिच्यातून बीज घ्यायचं. शिवाय झोपण्याआधी प्रत्येक डब्ब्याने आपल्यासाठी एक आकडा जपून ठेवायचा आणि उठल्यावर तो त्यात मिसळायचा, म्हणजे कुणालाच जगाची पहिली सकाळ असल्याचं वाटणार नाही. काल कुठून आलो एवढं तरी आठवेल.

अब्बूंना सांगितलं की तुमच्या त्या बेभरवशाच्या लाइनवर मी एका माणसाचा जीव टांगणार आहे. ते गंभीर झाले. तार खाली ठेवली आणि म्हणाले की मग नीट मोज. आणि मी निघताना विचारलं, आता कुठे राहतेस. वलगाव रोड म्हटलं. किती दिवस, असं त्यांनी विचारलं आणि उत्तराची वाट न बघता दुकानात गेले. हल्ली खोली बघायला येतो असं ते म्हणत नाहीत.

२५ जानेवारी, शुक्रवार

सगळे डब्बे बदलले. या वेळी टेबलावर नाही तपासलं. आम्ही तिघं तीन विहिरींवर बसलो आणि लाइन यायची वाट पाहिली. लाइन आली. फोनवर एकमेकांना जागा वाचून दाखवल्या. तिन्ही वेगळ्या. लाइन गेली, पुन्हा आली. पुन्हा वेगळ्या. संध्या फोनवर रडत होती आणि आपण रडत नाही असं सांगत होती.

पण खरं कळेल ते चोर आल्यावरच. आणि काका अजूनही कटआउट काढत नाहीत.

२ फेब्रुवारी, शनिवार

बागेत पहिल्या कळ्या. मी आणि सुगत नोंदी घ्यायला गेलो होतो. काका विहिरीत होते, मोटार आणखी खाली सोडत. आम्ही गेलो तेव्हा ते आधीच उतरलेले. वरून फक्त त्यांची टोपी दिसत होती आणि पाण्यावर आभाळाचा तुकडा.

लाइन नव्हती. मग आली. सुगत खांबाकडे पळाला, कटआउट काढायला. मी डब्ब्यासमोर होते. हिरवा दिवा लागला. गाभा जागा झाला, कुठेतरी, मला माहीत नसलेल्या जागी. टॉवरशी जोडणी झाली आणि लगेच कुणीतरी दार ठोठावलं. मला स्क्रीनवर ते दिसत होतं. ते आत आलं. पाठ केलेल्या जागी त्याने हात घातला.

लाल दिवा लागला. डब्बा कोसळला. स्टार्टरची पकड सुटल्याचा खट्ट आवाज आला आणि मग काहीच नाही. आजूबाजूच्या शिवारात मोटारी घरघरत होत्या, फक्त आमची विहीर गप्प. खालून काकांचा आवाज येत होता, ते गुणगुणत होते.

काका वर आले. पायातून पाणी निथळत होतं. लाल दिव्याकडे बघून म्हणाले, "आज डब्बा काहून पडला पोरी? बिघडला का?"

खाली मातीत बसून मी मोठ्याने रडले. सुगत कटआउट हातात धरून उभा होता, त्याला पोचायला उशीर झाला होता आणि ते त्याला कळलं होतं. त्यानेच काकांना सांगितलं. एकेक शब्द, शांतपणे. आधी दोनदा मोटार सुरू झाली होती, या वेळी डब्बा पडला म्हणून झाली नाही, आणि तुम्ही पाण्यात होता.

काकांनी विहिरीत वाकून पाहिलं. मग त्यांनी सुगतच्या हातातले कटआउट घेतले आणि आपल्या ओल्या धोतराच्या सोग्यात बांधले.

"माह्यासाठी तो डब्बा पडला," ते म्हणाले. "आता मी याच्यासाठी एवढं नाई करू?"

१० फेब्रुवारी, रविवार. अमरावती

वलगाव रोडच्या मालकांच्या मुलीचं लग्न निघालं, त्यांना खोली लागणार आहे. काल सामान बांधत होते तर दारात टेम्पो. संध्या, सुगत आणि काका. मला विचारलंही नाही. काकांनी माझी गादी स्वतः उचलली.

संध्याच्या घरची वरची खोली. पूर्वेला खिडकी, बटण उशीच्या उजवीकडे. काकांनी बागेतून फुललेली एक डहाळी आणून तांब्यात ठेवली आहे, खोलीभर संत्र्याच्या फुलांचा वास आहे. अब्बूंना त्यांनीच फोन लावला. दोघं व्होल्टेजवर बोलले, मग केबलच्या जोडावर. पुढच्या रविवारी अब्बू येणार आहेत, बर्फी घेऊन. काका म्हणाले, जास्त आणा.

जाताना ते दारात थांबले. दाराच्या चौकटीवर हात ठेवून म्हणाले, "इथून तुले आता कोनी काढनार नाई."

मला कुणी घरातून काढलं, असं मी त्यांना कधी सांगितलं नव्हतं. या वहीतही कुठे लिहिलेलं नाही, मी मागची सगळी पानं चाळून पाहिली.

आज सकाळी लाइन गेलेली होती. अंधारातच जाग आली. डोळे उघडायच्या आधी हात गेला तो थेट बटणावर. मी ते दाबलं आणि लाइन येण्याची वाट बघत पडून राहिले.